मोसुलच्या भिंतीवरचे अक्षर

‘इस्लामिक स्टेट’चा विषय निघाला की आपल्याकडे चर्चा दोनच वाटांनी जाते. एकीकडे सारे खापर धर्मावर फोडले जाते, तर दुसरीकडे धर्माचा यात काडीचाही संबंध नाही असे सांगून विषय मिटवला जातो. दोन्ही वाटांवर त्या संघटनेच्या नावातला महत्त्वाचा शब्द नजरेआड होतो, आणि तो शब्द आहे ‘स्टेट’, म्हणजे राज्य. बाँब फोडणाऱ्या संघटना जगाने पुष्कळ पाहिल्या होत्या. पण महसूल गोळा करणारी, जन्माचे दाखले देणारी, गव्हाच्या पिकावर कर बसवणारी आणि गल्लीतला कचरा उचलणारी संघटना दोन देशांच्या सरहद्दीवर उभी राहते, ऐन भरात सुमारे ८० लाख माणसांवर हुकमत चालवते आणि काही वर्षांत जमीनदोस्त होते, ही घटना राज्य म्हणजे काय याविषयी बरेच शिकवून जाते. माझे म्हणणे असे की आधीच्या राज्यकर्त्यांनी न्याय सोडला होता म्हणून हे राज्य उभे राहू शकले. आणि ईश्वराच्या नावाने कारभार करणाऱ्यांनी प्रजेला जाब विचारण्याची जागाच ठेवली नाही, म्हणून ते आतून पोकळ राहिले.

इराकमधल्या मोसुल शहराच्या पाडावापासून ही हकिकत सांगायला घेणे सोयीचे असले, तरी तिची सुरुवात ११ वर्षे आधी झाली होती. मार्च २००३ मध्ये अमेरिकेने इराकवर आक्रमण केले आणि एप्रिलमध्ये सद्दाम हुसेनची राजवट पडली. पुढच्याच महिन्यात बगदादमधल्या अमेरिकी प्रशासनाचे प्रमुख पॉल ब्रेमर यांनी दोन हुकूम काढले. पहिल्या हुकमाने सद्दामच्या बाथ पक्षाच्या वरच्या फळीतल्या सदस्यांना सरकारी नोकरीतून काढले, आणि त्यात हजारो शिक्षकही गेले. दुसऱ्या हुकमाने इराकचे सैन्यच बरखास्त केले. शस्त्र चालवण्याचे शिक्षण मिळालेली लाखो माणसे एका कागदाने बेरोजगार झाली आणि त्याहून वाईट म्हणजे अपमानित झाली. त्यांतल्या बहुतेकांनी मुकाट्याने दुसरा पोटापाण्याचा उद्योग शोधला, हेही सांगितले पाहिजे. पण ज्यांनी तो शोधला नाही, त्यांची संख्या एक गुप्त सेना उभारायला पुरेशी होती.

जॉर्डनमधल्या झरका शहरातून आलेल्या अबू मुसाब अल-झरकावीने ही जखम अचूक हेरली. शियांच्या बाजारांत आणि मशिदींत स्फोट घडवायचे, त्यांना सूड घ्यायला भाग पाडायचे, आणि मग घाबरलेल्या सुन्नींनी संरक्षणासाठी आपल्याच आश्रयाला यावे, असा त्याचा हिशेब होता. जून २००६ मध्ये अमेरिकी हवाई हल्ल्यात तो मारला गेला, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये त्याच्या वारसांनी ‘इस्लामिक स्टेट ऑफ इराक’ची घोषणा केली. त्या वेळी त्यांच्याकडे राज्य म्हणावे असे काही नव्हते, आणि जे होते तेही लवकरच गेले. अन्बार प्रांतातल्या सुन्नी टोळ्यांनी, म्हणजे ज्यांच्या नावाने हे राज्य जाहीर झाले होते त्यांनीच, या लोकांच्या जाचाला कंटाळून त्यांच्याविरुद्ध हत्यार उचलले. या उठावाला अरबीत ‘सहवा’, म्हणजे जागृती, असे नाव पडले. एप्रिल २०१० मध्ये तिक्रीतजवळ संघटनेचे दोन्ही प्रमुख नेते मारले गेले, तेव्हा हे प्रकरण संपले असेच सगळ्यांना वाटले होते. ही संघटना एकदा हरली होती आणि तिला सामान्य सुन्नी माणसांनी हरवले होते, ही गोष्ट आपल्या चर्चेत जवळजवळ कधीच येत नाही, याचा मला फार खेद वाटतो.

तिला दुसरे आयुष्य मिळाले ते दिलेला शब्द मोडल्यामुळे. सहवाच्या लढवय्यांना पोलिसांत आणि सैन्यात सामावून घेण्याचे आश्वासन होते. पंतप्रधान नूरी अल-मालिकी यांच्या सरकारने त्यांतल्या थोड्यांनाच घेतले, अनेकांचे पगार रखडवले आणि काहींना तुरुंगात टाकले. १८ डिसेंबर २०११ रोजी अमेरिकेची शेवटची तुकडी इराकमधून बाहेर पडली आणि दुसऱ्याच दिवशी देशाचे सुन्नी उपराष्ट्रपती तारिक अल-हाशिमी यांच्या अटकेचा हुकूम निघाला. पुढे सुन्नी शहरांतून महिनोनमहिने धरणी चालली. एप्रिल २०१३ मध्ये हवीजा इथल्या आंदोलकांच्या तळावर सैन्याने हल्ला चढवला आणि त्यात अनेक माणसे मेली. ज्या माणसाला कचेरीत न्याय मिळत नाही आणि रस्त्यावर बसल्यास गोळी मिळते, त्याच्या दारात एक दिवस कोणीतरी बंदूक घेऊन उभे राहते आणि आम्ही न्याय देतो म्हणते. तो त्याच्यावर विश्वास ठेवील असे नाही. पण जुन्या सरकारसाठी जीवही देणार नाही.

पलीकडे सीरियात २०११ पासून बशर अल-असद यांनी स्वतःच्याच जनतेविरुद्ध युद्ध पुकारले होते, आणि त्या पोकळीत शिरायची तयारी संघटनेने फार थंड डोक्याने केली. तिचा एक मुख्य सूत्रधार हाजी बक्र हा सद्दामच्या हवाई संरक्षण दलाच्या गुप्तवार्ता विभागातला जुना कर्नल होता. जानेवारी २०१४ मध्ये तो मारला गेल्यावर त्याच्या घरातून हाताने काढलेले तक्ते आणि याद्या मिळाल्या. गावात आधी धर्मप्रचाराचे कार्यालय उघडावे, तिथे येणाऱ्यांतून एक-दोघांना हेर म्हणून निवडावे, गावातली वजनदार घराणी कोणती, त्यांचे उत्पन्न कशातून येते, कोणाकडे लपवण्यासारखे काय आहे, हे सर्व त्यांच्याकडून टिपून घ्यावे, अशी ती पद्धत होती. या कागदांवर श्रद्धेपेक्षा दफ्तराची छाप अधिक आहे. सद्दामच्या राज्यात ज्या रीतीने माणसांवर पाळत ठेवली जाई, तीच रीत इथे दाढी राखून परत आली होती. अबू बक्र अल-बगदादी या नावाने पुढे खलिफा झालेला समाराचा इब्राहीम अल-बद्री हासुद्धा २००४ मध्ये अमेरिकेच्या कॅम्प बुक्का या तुरुंगात काही महिने होता. बाथ पक्षाचे अधिकारी आणि कडवे धर्मवेडे यांची गाठ तिथल्या तारेच्या कुंपणाआड पडली.

१० जून २०१४ रोजी मोसुल पडले. इराकचे दुसऱ्या क्रमांकाचे शहर काही शेकडा ते हजार-दीड हजार हल्लेखोरांसमोर चार-पाच दिवसांत कोसळले याचे जगाला नवल वाटले, पण त्या सैन्याचे खरे रूप इराकी लोकांना ठाऊक होते. हजेरीपटावर नाव असलेला, पगार निघणारा आणि प्रत्यक्षात कधीच न येणारा सैनिक तिथे ‘अंतराळवीर’ या नावाने ओळखला जाई. त्याचा पगार अधिकारी वाटून खात. त्याच वर्षी नवे पंतप्रधान हैदर अल-अबादी यांनी असे ५० हजार सैनिक केवळ कागदावर असल्याचे संसदेत सांगितले. राज्य शत्रूच्या तोफेने पडते असे आपण समजतो. मोसुलमधले राज्य हजेरीपटावरच पडलेले होते.

२९ जूनला खिलाफतीची घोषणा झाली आणि ४ जुलैला बगदादीने मोसुलच्या नूरी मशिदीतून प्रवचन केले. जिच्या कललेल्या मिनाराला शहरवासी मायेने ‘हदबा’, म्हणजे कुबड आलेला, म्हणत आले, तीच ही मशीद. खलिफापद तुर्कस्तानने ३ मार्च १९२४ रोजी रद्द केले होते. त्या पदाबद्दलची भावना आपल्याला अगदी परकी नाही. पहिल्या महायुद्धानंतर त्याच पदासाठी भारतात चळवळ झाली, गांधीजी तीत उतरले, आणि मुंबईत भायखळ्याला खिलाफत हाऊस आजही उभे आहे. नव्वद वर्षांच्या खंडानंतर कोणीतरी तो शब्द पुन्हा उच्चारला, तेव्हा जगभरच्या काही हजार तरुणांच्या मनात जे हलले, त्यात इतिहासातल्या एका हरवलेल्या मानाची ओढ होती. ती ओढ खरी होती हे नाकारण्यात अर्थ नाही. तिचा उपयोग ज्यांनी करून घेतला त्यांचे हात कशाने माखले होते, हा प्रश्न वेगळा.

आता कारभाराकडे पाहू. त्यांची खाती ‘दिवाण’ म्हणून ओळखली जात, म्हणजे आपल्या दिवाणी न्यायालयाच्या नावात जो शब्द आहे तोच. जकातीचा दिवाण, शेतीचा दिवाण, न्यायाचा दिवाण, जमिनीतून निघणाऱ्या संपत्तीचा दिवाण आणि लोकांच्या पोशाखावर, धूम्रपानावर व नमाजावर नजर ठेवणारी हिस्बा. मोसुलमधल्या पालिकेच्या आणि सरकारी कचेऱ्यांच्या कर्मचाऱ्यांना त्यांनी कामावर परत बोलावले. न येणाऱ्याला काय होईल हे सांगायची गरज नव्हती. वर खलिफाचे नाव होते, पण खाली टेबलांवर तीच माणसे बसत होती. इतकेच काय, बगदादचे सरकार मोसुलमधल्या आपल्या नोकरांचे पगार २०१५ च्या मध्यापर्यंत पाठवत राहिले आणि हे नवे राज्य त्या पगारांतून आपला वाटा कापून घेत राहिले. ज्या राज्याला काफिर ठरवून खाली खेचले, त्याच्याच तिजोरीवर धर्मराज्याची चूल पेटत होती. उरलेला पैसा तेल, खंडणी, जप्त केलेली घरे व शेते, आणि लूट यांतून येई. सुरुवातीच्या महिन्यांत रस्ते स्वच्छ झाले, वीजचोरी आटोक्यात आली, तंटे लवकर निकालात निघू लागले, असे मोसुलच्याच रहिवाशांनी पुढे सांगितले. हे वाचताना अस्वस्थ वाटते, तरी ते दडवता येत नाही. लोकांना साधा कारभार हवा असतो आणि तो कोणाकडून मिळतो याची चौकशी ते पहिल्या दिवशी करत नाहीत.

दुसऱ्या दिवशी ती चौकशी करायला फार उशीर झालेला असतो. जुलै २०१४ मध्ये मोसुलच्या ख्रिस्ती घरांच्या भिंतींवर रंगाने एक अक्षर काढले गेले. अरबी लिपीतला ‘नून’, वाटीसारखा खोलगट आणि मध्यावर एक टिंब. ‘नसरानी’, म्हणजे ख्रिस्ती, या शब्दाचे पहिले अक्षर. काही ठिकाणी त्याच्याशेजारी ही मालमत्ता इस्लामिक स्टेटची आहे असे लिहिलेले असे. धर्म बदला, जिझिया भरा, नाही तर शहर सोडा, आणि हे न ऐकणाऱ्यासाठी तलवार आहे, अशी मुदत १९ जुलैपर्यंत देण्यात आली. ज्या शहरात ख्रिस्ती वस्ती शतकानुशतके होती, त्यातली उरलीसुरली कुटुंबे निघाली आणि चौक्यांवर त्यांच्या अंगावरचे दागिने व रोख पैसे काढून घेण्यात आले. भिंतीवरचे ते अक्षर मला या सगळ्या राज्याचे सार वाटते. नागरिकाची ओळख ठरवताना जे राज्य आधी त्याची श्रद्धा विचारते, त्याच्याकडे पुढचे सगळे निर्णय तयार असतात. कोणाचे घर जप्त करायचे, कोणाची साक्ष मानायची नाही, कोणाला जिवंत ठेवायचे, ही केवळ त्या अक्षरामागून येणारी बाराखडी असते.

दोन आठवड्यांनी ती बाराखडी उत्तर इराकमधल्या सिंजारच्या डोंगराशी पोहोचली. ३ ऑगस्ट २०१४ रोजी तिथल्या यझिदी या छोट्या, स्वतंत्र धर्माच्या समाजाच्या गावांवर हल्ला झाला. यझिदींना जिझियाचाही पर्याय नव्हता. पुरुष आणि मोठी मुले वेगळी काढून मारली गेली, आणि सहा हजारांहून अधिक माणसे, बहुतांशी बायका आणि मुले, पळवून नेण्यात आली. बायकांची विक्री झाली, त्यांच्या किमती ठरल्या, आणि गुलाम बाळगण्याचे नियम सांगणारी प्रश्नोत्तरांची पत्रकेही काढली गेली. कोचो गावच्या नादिया मुराद यांना २०१८ मध्ये शांततेचे नोबेल मिळाले. त्यांनी आपल्यावर गुदरलेले जगासमोर स्वतःच्या नावाने सांगितले नसते, तर या गुन्ह्याला आजच्याइतकाही उजेड मिळाला नसता. क्रौर्य इतिहासात नवे नाही. इथे नवे होते ते इतकेच की क्रौर्याला कचेरी, पावती आणि फतवा असे तिन्ही मिळाले होते.

आता धर्माच्या प्रश्नाकडे येतो. सप्टेंबर २०१४ मध्ये शंभराहून अधिक मुस्लिम विद्वानांनी बगदादीला उघडे पत्र लिहिले. गुलामगिरी पुन्हा आणणे निषिद्ध आहे, आणि सर्व मुसलमानांच्या सहमतीशिवाय खिलाफत जाहीर करणेही निषिद्ध आहे, असे त्यांनी धर्मग्रंथांचे आधार देऊन बजावले. पुढच्या वर्षी भारतातल्या हजाराहून अधिक उलेमांनी या संघटनेविरुद्ध फतवा दिला, आणि त्याची जुळवाजुळव मुंबईतून झाली होती. हे आक्षेप मोलाचे आहेत. तरीही संघटना धर्माचा आधार घेत नव्हती असे मी म्हणणार नाही. ती घेत होती, निवडून आणि वाकवून घेत होती, आणि तिच्या वाचनाला आव्हान देणारी हर एक व्यक्ती तिच्या लेखी धर्मभ्रष्ट ठरत होती. खरा दोष मला तिथे दिसतो. सरकार चुकले तर प्रजेने ते बोलून दाखवावे, ही सोय कुठल्याही राज्यात लागते. पण हुकूम देवाचा म्हणून निघाला की त्याविरुद्धची तक्रार हेच पाप होते. सीरियातल्या डेर एझ-झोरच्या शैतात या सुन्नी अरब टोळीने ऑगस्ट २०१४ मध्ये विरोध केला, तेव्हा तिची शेकडो माणसे मारली गेली. तीही नमाज पढणारी माणसे होती. कोणत्याही धर्माच्या नावाने उभ्या राहिलेल्या राज्यात पहिला बळी परधर्मीयाचा जातो हे खरे, पण बळींची मोठी रास स्वधर्मीयांचीच होते, कारण आज्ञा मोडण्याची शक्यता त्यांच्याकडेच अधिक असते.

जाब विचारणारे कोणी नसल्याने चुका सुधारण्याचा मार्गही बंद झाला. एकाच वेळी सगळ्या जगाशी वैर घेणे ही कोणत्याही राज्याला न परवडणारी गोष्ट त्यांनी धर्मकर्तव्य मानली. सीरियातल्या कोबानीत कुर्दांशी चार महिने झुंजत हजारभर लढवय्ये गमावले आणि जानेवारी २०१५ मध्ये मागे हटले. नोव्हेंबर २०१५ मध्ये पॅरिसमध्ये १३० माणसे मारून त्यांनी आपल्याविरुद्धची आघाडी अधिकच घट्ट केली. उत्तर सीरियातल्या दाबिक गावी अंतिम लढाई होईल या भाकितावर त्यांचा मोठा प्रचार उभा होता, त्यांच्या मासिकाचे नावही तेच होते. ऑक्टोबर २०१६ मध्ये तुर्कस्तानच्या पाठिंब्यावर आलेल्या सीरियन बंडखोरांसमोर ते गाव जवळपास लढाईशिवाय गेले, आणि गाव जाण्याच्या काही आठवडे आधीच मासिकाचे नाव बदललेले होते. लपून राहणाऱ्या संघटनेला पराभव पचवता येतो. भूमी हेच ज्याच्या सत्यतेचे प्रमाण आहे, त्या खलिफाला ती गमावल्यावर सांगण्यासारखे काही उरत नाही.

मोसुलची लढाई १७ ऑक्टोबर २०१६ पासून जुलै २०१७ पर्यंत चालली. २१ जूनला माघार घेणाऱ्या अतिरेक्यांनी, जिथून खिलाफतीचा पहिला खुत्बा, म्हणजे प्रवचन, झाला होता तीच नूरी मशीद तिच्या कुबड्या मिनारासह उडवून दिली. ऑक्टोबर २०१७ मध्ये सीरियातले त्यांचे मुख्य ठाणे रक्का गेले, मार्च २०१९ मध्ये बागूझ हे शेवटचे गाव गेले, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये सीरियाच्या इदलिब प्रांतात बगदादीने अमेरिकी सैनिकांनी कोंडल्यावर स्वतःला स्फोटाने उडवले. या विजयाची किंमत मात्र ज्यांनी राज्य मागितले नव्हते त्यांनी मोजली. मोसुलमध्ये ९ ते ११ हजार नागरिक मेले, असे असोसिएटेड प्रेसने शवागारांच्या आणि इतर नोंदींवरून काढले. त्यांतले बरेच अतिरेक्यांनी ढाल म्हणून वापरले आणि मारले, आणि बरेच इराकी व आघाडीच्या तोफांनी आणि बाँबनी मेले.

या इतिहासाची झळ आपल्यालाही लागली. मे २०१४ मध्ये कल्याणचे चार तरुण यात्रेकरूंच्या जथ्याबरोबर बगदादला गेले आणि तिथून नाहीसे झाले. त्यांतला एक नोव्हेंबरात परतला. इतक्या मोठ्या मुस्लिम लोकसंख्येच्या देशातून गेलेल्यांची संख्या अगदी तुरळक राहिली, आणि त्याचे श्रेय इथल्या मुस्लिम समाजाला व इथल्या सर्वांच्या सामायिक नागरिकत्वाला जाते, असे मी मानतो. ते नागरिकत्व क्षीण करणारी प्रत्येक गोष्ट, मग ती कोणत्याही धर्माच्या नावाने होवो, म्हणूनच मला धोक्याची वाटते. जून २०१४ मध्येच मोसुलमध्ये बांधकामावर काम करणारे भारतीय मजूर पकडले गेले. त्यांतल्या ३९ जणांच्या घरच्यांनी जवळजवळ चार वर्षे वाट पाहिली. मार्च २०१८ मध्ये परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनी राज्यसभेत सांगितले की बदूश गावाजवळच्या एका टेकाडाखाली ३९ मृतदेह सापडले. लांब केस आणि हातातली कडी यांवरून पहिला संशय आला, आणि डीएनएने तो खरा ठरवला. पंजाब, हिमाचल, बिहार आणि बंगालमधली, कर्ज काढून परदेशी गेलेली ही माणसे कोणाच्याही धर्मयुद्धात नव्हती.

मग आता हे संपले का? भूभागापुरते संपले. नावाचे तुकडे मात्र सहारा वाळवंटाच्या दक्षिणेचा साहेलचा पट्टा, चाड सरोवराचा परिसर आणि अफगाणिस्तानात जिवंत आहेत, म्हणजे पुन्हा अशाच ठिकाणी, जिथे सरकार केवळ वसुलीपुरते दिसते. मार्च २०२४ मध्ये मॉस्कोजवळच्या सभागृहात १४० हून अधिक माणसे मारली गेली, त्याची जबाबदारी याच नावाने घेतली गेली. सीरियातल्या अल-होल छावणीत २०१९ मध्ये ७० हजारांहून अधिक माणसे कोंडली गेली, त्यांत निम्म्याहून अधिक मुले होती, आणि त्यांच्या देशांनी त्यांना परत घ्यायला वर्षानुवर्षे टाळाटाळ केली. कॅम्प बुक्कामध्ये काय तयार झाले होते हे ठाऊक असलेल्या जगाने असे वागावे, हे मला समजू शकत नाही.

इराकी न्यायालयांत हजारो संशयितांवर दहशतवादविरोधी कायद्याखाली खटले चालले, आणि त्यांतले काही मिनिटांत आटोपले. आरोप बहुधा एकच असे, संघटनेचा सदस्य असल्याचा. कोणी कोणत्या यझिदी मुलीला विकत घेतले, कोणाच्या घरात कोण मेले, हे विचारायची त्या कायद्याला गरज नव्हती, म्हणून त्या बायकांना साक्षीला बोलावण्याचीही गरज पडली नाही. मार्च २०२१ मध्ये इराकने यझिदी वाचलेल्यांसाठी कायदा केला, त्यात मासिक साहाय्य आणि जमिनीची तरतूद आहे, आणि ती स्वागतार्ह आहे. पण वंशसंहाराच्या गुन्ह्याखाली यझिदींच्या बाबतीत जगातली पहिली शिक्षा झाली ती जर्मनीत, फ्रँकफर्टच्या न्यायालयात, ३० नोव्हेंबर २०२१ रोजी. फलूजामधल्या एका घराच्या अंगणात २०१५ च्या उन्हाळ्यात पाच वर्षांच्या यझिदी मुलीला उन्हात साखळीने बांधून ठेवले गेले आणि ती तहानेने मेली, असा तो खटला होता. तिची आई त्याच घरात गुलाम होती. न्यायाधीशांसमोर उभी राहून तिने ते सगळे सांगितले, आणि एका शासनसंस्थेने ते लिहून घेतले.